वाडा गेला, वाटा राहिल्या

(आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या मराठी कुटुंबांच्या एका मेळाव्यात दिलेलं व्याख्यान. बोलण्यातला पसारा थोडा आवरून.)

नमस्कार मंडळी. मे महिना लागला की आपल्यातल्या निम्म्या घरांत आई-बाबा नाहीतर सासू-सासरे येऊन दाखल होतात. पहिला आठवडा छान जातो. नातवंडं असतात, बॅगेतून निघालेली भाजणी असते, गोडा मसाला असतो. दुसऱ्या आठवड्यात विचारणा सुरू होते, "इथे सकाळचं फिरायला कुठे जायचं गं?" आपण बिनधास्त सांगतो, सगळा देश हिरवागार आहे, कुठेही जा. ते बाहेर पडतात आणि वीस मिनिटांत परत येतात. गावाची हद्द संपली की फुटपाथ संपतो, वळणावरून गाड्या भरधाव येतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गडगे. पलीकडे गालिच्यासारखं शेत दिसतंय, पण फाटकाला साखळी आणि आत बैल. मग उरलेले तीन महिने ते बिचारे सुपरमार्केटच्या वाहनतळाला फेऱ्या मारतात.

म्हणून आज सोप्या वाटांबद्दल बोलायचं. क्रो पॅट्रिक आणि कॅरनटूहिल चढणाऱ्या मंडळींनी मागे बसून चहा घ्यायला हरकत नाही. गुडघे दुखतात, बाबागाडी ढकलायची आहे, सासरेबुवांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे, अशांसाठी हे बोलणं आहे. आणि बोलताना मी थोडा इतिहास काढणार आहे, कारण या देशात सोपी वाट कुठे सापडते याचं उत्तर भूगोलात कमी आणि जमिनीच्या मालकीत जास्त आहे.

आयर्लंडमध्ये जमीन ही कोणाची तरी असते, आणि मालकाच्या मर्जीशिवाय तिच्यावर पाऊल टाकायचा हक्क तुम्हाआम्हाला नाही. इंग्लंड-वेल्समध्ये शेताशेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांचं मोठं जाळं आहे. स्कॉटलंडने तर २००३ साली कायदाच केला की नीट वागा आणि जवळजवळ कुठेही चाला. इथे यातलं जवळजवळ काहीच नाही. खुणा केलेल्या डोंगरवाटा आहेत, पण त्यांतल्या कितीतरी शेतकऱ्याच्या परवानगीवर चालू असतात. त्याने परवानगी काढून घेतली की वाट बंद. आपल्याला याचा राग येतो. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याचे आजे-पणजे परक्या जमीनदाराचं कूळ म्हणून राबले, खंड थकला की घराबाहेर काढले गेले. १९०३ च्या विंडम कायद्याने आणि त्याच्या आगेमागे झालेल्या कायद्यांनी शेवटी जमीन कुळांच्या नावावर व्हायला लागली. ज्याला इतक्या उशिरा सातबारा मिळाला, तो आपल्या बांधावरून लोकांना सहज जाऊ देईल, ही अपेक्षाच जरा जास्तीची आहे.

मग सपाट, सुरक्षित, सगळ्यांना खुलं असं चालायला उरतं काय? कालव्यांचे काठ, बंद पडलेले रेल्वेमार्ग, सरकारी जंगलं आणि जुन्या जमीनदारांच्या इस्टेटी. आज मी इस्टेटींबद्दलच बोलणार आहे, आणि त्यातही बराचसा वेळ एकाच इस्टेटीत घालवणार आहे.

इस्टेटीच्या वाटा सोप्या असतात याला कारण आहे. अठराव्या शतकातला जमीनदार आपली बरीचशी जमीन कुळांना लावायचा, आणि वाड्याभोवतीची काही शे एकर स्वतःकडे ठेवायचा. या राखीव भागाला उंच भिंत. आत झाडं लावायची, तळं करायचं, हिरवळ राखायची, आणि या सगळ्यातून घोडागाडीचे रस्ते फिरवायचे. आता घोडागाडीत कोण बसणार? घरच्या बायका, म्हातारे पाहुणे, डब्लिनहून आलेला कोणी न्यायाधीश. म्हणजे चढ हळूहळू चढला पाहिजे, वळण रुंद पाहिजे, खाली फोडलेल्या दगडाचा थर पाहिजे आणि पाणी बाजूच्या चरात उतरलं पाहिजे. शिवाय पाहुण्याला वाडा एकदम दिसता कामा नये. आधी झाडी, मग तळ्याची एक झलक, मग पुन्हा झाडी, आणि शेवटच्या वळणावर वाडा. आज त्याच रस्त्यावर बारीक खडी टाकली, रंगीत बाणांचे खांब रोवले की तयार झाली सोपी वाट. इथे वाटांची अधिकृत प्रतवारी असते: सर्वांसाठी सुलभ, सोपी, मध्यम, अवघड, अतिअवघड. यातल्या पहिल्या दोन प्रतींत जुन्या इस्टेटींतल्या वाटा पुन्हापुन्हा भेटतात. अडीचशे वर्षांपूर्वी एका घरच्या माणसांना धक्के बसू नयेत म्हणून जे केलं, ते आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येतं.

खडी कोणी फोडली, हा प्रश्न त्याच्या पोटातच आहे. तो मी पुढे घेते.

आता कूल पार्क. गॉलवेहून दक्षिणेला निघालं की गॉर्ट गावाच्या तीनेक किलोमीटर अलीकडे ही जागा आहे. गाडी नसेल तर गॉर्टला रेल्वे आहे, २०१० मध्ये तो मार्ग पुन्हा सुरू झाला. स्टेशनवरून मात्र टॅक्सी करा, म्हाताऱ्यांना त्या रस्त्याने चालवत आणू नका. सुमारे चारशे हेक्टरचं राखीव जंगल आहे, राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव खात्याच्या ताब्यात. तिकीट नाही. मोठ्या फाटकापासून आत झाडीतून लांब रस्ता जातो, जुन्या तबेल्याच्या आवारात माहिती केंद्र आणि चहाची सोय आहे. केंद्र हिवाळ्यात बंद असतं, वाटा वर्षभर खुल्या असतात. संध्याकाळी फाटक बंद करतात, त्याची वेळ पाटीवर असते. ती जाताना वाचा, येताना नव्हे.

इथे खुणा केलेल्या दोन वाटा आहेत. धाकटी कौटुंबिक वाट १.७५ किलोमीटरची. मोठी, सात वनांची वाट, ४.५ किलोमीटरची. धाकटीवर बाबागाडी जाते. नेहमी चालणाऱ्याला ती अर्ध्या तासाची आहे, पण अर्ध्या तासात उरकू नका, कारण भिंतीआडच्या बागेतच तुमचा तेवढा वेळ जाणार आहे.

बागेत तांबूस पानांचं, बीच जातीचं एक प्रचंड झाड आहे, भोवती लोखंडी कठडा. त्याच्या बुंध्यावर नावांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. आपल्याकडे किल्ल्यावर कोणी असं काही कोरलं तर आपण त्याला शिव्या घालू. इथे लोक ते बघायला मुद्दाम येतात, कारण कोरणाऱ्यांत कवी येट्स आहे, त्याचा चित्रकार भाऊ जॅक येट्स आहे, नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग आहे (आपल्यातला नव्हे, तरी आमच्या सोबतच्या एका काकांना फार आनंद झाला होता), शॉन ओ'केसी आहे, आणि डग्लस हाइड आहे, जो १९३८ मध्ये या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. वाड्याची मालकीण लेडी ग्रेगरी पाहुण्यांतून निवड करायची आणि जो तिच्या मते त्या लायकीचा, त्याच्याच हाती चाकू द्यायची.

कठड्यापाशी थोडं थांबून बघा. बीचची साल गुळगुळीत, राखाडी. कोरलेली अक्षरं झाडाबरोबर वाढली आहेत. रेघ जिथे बोटाच्या नखाएवढी असेल तिथे आज ती सुजून, कडा गोल होऊन, फाकली आहे. काही अक्षरं आता फक्त जखमेचा वण म्हणून उरली आहेत. ती ओळखायला शेजारी आकडे घातलेला फलक आहे, त्याच्याशी ताडून बघावं लागतं. एकच माणूस फलकाशिवाय सापडतो, नाटककार बर्नार्ड शॉ. त्याने आपली तीन अक्षरं इतकी मोठी कोरली आहेत की त्याच्या स्वभावाबद्दल वेगळं वाचायची गरज राहत नाही. कठडा मात्र शॉसाठी नाही, नंतर आमंत्रणाशिवाय आलेल्या लोकांसाठी आहे. त्यांनीही आपापली नावं कोरून ठेवली आहेत.

बागेतून पुढे आलं की मोकळी हिरवळ लागते आणि तिच्यात एक दगडी जोतं. पायऱ्या आहेत, जोतं आहे, वर काही नाही. इथे वाडा होता.

लोकांना वाटतं, जाळला असणार. ते वाटणं साहजिक आहे. १९२० ते १९२३ या काळात, स्वातंत्र्ययुद्धात आणि नंतरच्या यादवीत, आयर्लंडमधले सुमारे पावणेतीनशे वाडे जाळले गेले. लेडी ग्रेगरीचं माहेर, रॉक्सबरो, त्यातच गेलं. कूल मात्र वाचलं. तिचा एकुलता मुलगा रॉबर्ट वैमानिक होता, तो जानेवारी १९१८ मध्ये इटलीत मारला गेला. इस्टेट कायद्याने सुनेकडे गेली, आणि १९२७ मध्ये ती सरकारी वनखात्याला विकली. सासूबाई त्याच घरात भाड्याने राहिल्या आणि १९३२ मध्ये तिथेच गेल्या. मग घर रिकामं. १९४१ मध्ये ते एका ठेकेदाराला दगडासाठी विकलं आणि त्याने पाडलं. आग नाही, बंड नाही. नव्या सरकारला झाडं हवी होती, घर नको होतं. आज त्याबद्दल इथले लोक हळहळतात. मला ही हळहळ पूर्ण पटत नाही, आणि का ते सांगते.

हा वाडा कोणाच्या पैशांतून उभा राहिला? त्या वैमानिक रॉबर्टच्याच नावाच्या एका पूर्वजाने, रॉबर्ट ग्रेगरीने, १७६८ मध्ये ही जमीन घेतली. हा गडी ईस्ट इंडिया कंपनीचा. बंगालमध्ये व्यापार करून गबर झाला, परत येऊन इंग्लंडच्या पार्लमेंटात बसला, पुढे कंपनीचा संचालक आणि मग अध्यक्षही झाला. प्लासीची लढाई १७५७ ची. तुम्ही वर्षं जुळवून बघा. गॉर्टजवळच्या या जंगलातली पहिली भिंत, पहिली रोपवाटिका आणि घराचा पाया त्या पैशांतला आहे. आपल्या आई-बाबांना इथे परकं वाटायचं कारण नाही, यात त्यांच्याही देशाची गुंतवणूक आहे!

त्याच्या पुढच्या पिढ्यांतला विल्यम ग्रेगरी. हा लेडी ग्रेगरीचा नवरा, तिच्याहून पस्तीस वर्षांनी मोठा. घोड्यांच्या शर्यतींत त्याने इस्टेटीचा मोठा हिस्सा घालवला. पुढे १८७२ ते १८७७ सिलोनचा गव्हर्नर होता. कोलंबोचं वस्तुसंग्रहालय त्याने सुरू केलं, त्याचा पुतळा अजून तिथे दारात उभा आहे. पण आयर्लंडमध्ये त्याचं नाव घेतलं जातं ते १८४७ मधल्या एका कलमासाठी.

१८४५ पासून बटाट्यावर करपा पडला. इथल्या गरिबाचं सगळं जेवण बटाट्यावर. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने मेली, आणि निदान तेवढीच देश सोडून गेली. १८४७ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात दुष्काळी मदतीच्या कायद्याची चर्चा चालली होती. विल्यम तेव्हा डब्लिनचा तरुण खासदार. त्याने दुरुस्ती सुचवली की ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे, त्याला मदत देऊ नये. ११७ विरुद्ध ७ मतांनी ती मंजूर झाली. तेच ते ग्रेगरी कलम.

हे मी माझ्या बाबांना त्या जोत्याच्या पायरीवर बसून सांगत होते. बाबा निवृत्त तलाठी, साताऱ्याकडचे. जमिनीचा विषय निघाला की त्यांचे गुडघे दुखायचे थांबतात. त्यांनी लगेच हिशेब केला.

"पाव एकर म्हणजे दहा गुंठे. दहा गुंठ्यांच्या वर असला तर धान्य नाही?"

"नाही."

"आणि ती जमीन त्याच्या नावावर होती?"

"नव्हती. कूळ होता."

"म्हणजे सोडायचा तो कब्जा." थोडा वेळ ते गप्प बसले. "आणि दुष्काळ संपल्यावर कब्जा परत मिळायची काही तरतूद?"

"नाही, बाबा."

"मग हे मदतीचं कलम नाहीच. हे जमीन मोकळी करून घ्यायचं कलम आहे."

इतिहासकारांनी याच्यावर पुष्कळ लिहिलं आहे, पण मला तलाठ्याचा अभिप्राय पुरेसा वाटतो. झालंही तसंच. माणसाने उपाशी पोरांकडे बघून जमीन सोडली, की जमीनदाराची माणसं येऊन झोपडीचं छप्पर उतरवत. छप्पर गेलं की परतायची वाट बंद. पुढे एकतर वर्कहाउस, म्हणजे सरकारी अनाथगृह आणि कारखाना यांच्यामधली ती भयंकर जागा, नाहीतर बोट. विल्यम स्वतः आपल्या कुळांशी बरा वागला असं म्हणतात, आणि त्याचे वडील तर त्याच १८४७ मध्ये, कुळांना मदत करताना लागलेल्या तापाने गेले. म्हणून मला हा माणूस राक्षस वाटत नाही. घरातल्या ओळखीच्या कुळाशी बरं वागायचं आणि लंडनमध्ये अनोळखी लाखोंसाठी असं कलम लिहायचं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमतात.

गॉर्टला असं एक वर्कहाउस होतं. कूलच्या फाटकापासून चालत जायच्या अंतरावर. आता यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट सांगते. विल्यम १८९२ मध्ये वारला. त्याच्या विधवेने पुढच्या काही वर्षांत आयरिश भाषा शिकून घेतली आणि कूलशेजारच्या किल्टार्टनच्या आसपास फिरून लोकांकडून जुन्या कथा, गाणी, देवाधर्माच्या आणि भुताखेतांच्या गोष्टी टिपायला सुरुवात केली. त्यासाठी ती कुठे कुठे जायची? झोपड्यांत, शेतांत, आणि गॉर्टच्या वर्कहाउसमध्ये. तिथल्या निराधार म्हाताऱ्यांपाशी बसून तिने राजपुत्रांच्या आणि सोन्याच्या महालांच्या गोष्टी उतरवून घेतल्या. सांगणाऱ्यांच्या अंगावर धड कपडा नाही आणि गोष्टीत सोन्याचे महाल, हा विरोध तिलाही जाणवला होता. पण ज्या कलमाने माणसं अशा दारापर्यंत येत, ते आपल्या नवऱ्याचं, हे तिच्या मनात त्या बाकावर बसल्यावर किती वेळा आलं असेल, कोण जाणे. याच बाईने येट्स आणि इतरांबरोबर डब्लिनचं ॲबी थिएटर उभं केलं, डिसेंबर १९०४ मध्ये. त्या रंगमंचावर १९१३ मध्ये रवींद्रनाथांचं 'डाकघर' झालं, हेही जाता जाता सांगून ठेवते. कंपनीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या घरातली सून, आणि तिच्या नाटकघरात बंगाली नाटक!

आता समजलं असेल की वाडा पाडला म्हणून मी फार का हळहळत नाही. इथलं फर्निचर आणि झुंबरं बघत तासभर घालवला असता, तर हे सगळं कदाचित मागे पडलं असतं. रिकाम्या जोत्यावर बसलं की माणूस विचारतो, इथे कोण होतं आणि कुठे गेलं.

चला, मोठ्या वाटेकडे. सात वनांची वाट ४.५ किलोमीटर, दीड-दोन तास धरा. चढ जवळजवळ नाहीच, पण मुळं आहेत, ओलावा आहे, तेव्हा बूट पकडीचे हवेत. कोल्हापुरी नको. झाडं ओक, ॲश, हेझल, काही ठिकाणी काळपट यू. खाली चुनखडीचा खडक, शेवाळाने इतका झाकलेला की दगड आहे हे हात लावल्यावर कळतं. पाइन मार्टेन नावाचा मुंगसासारखा चपळ प्राणी इथे राहतो. दिसेलच अशी खात्री देत नाही, वाटेवर विष्ठा मात्र नक्की दिसते. किल्टार्टनच्या गुहेत छोट्या नालनाकी (लेसर हॉर्सशू) वटवाघळांचा मुक्काम असतो. आयर्लंडमध्ये ही जात फक्त पश्चिमेच्या सहा काउंटींत आहे.

आणि मग तळं. इथे पहिल्यांदा येणारे गोंधळतात. ऑगस्टमध्ये आलात तर एखाद-दुसरं डबकं आणि पुढे मोठं गवताळ मैदान. जानेवारीत आलात तर तेच मैदान दोन-तीन पुरुष पाण्याखाली, आणि झाडं पाण्यात उभी. याला इथे टर्लॉक म्हणतात. नुसती नदी वाहत येऊन ते भरत नाही, ते खालूनही भरतं. पूर्वेच्या स्लीव्ह ऑटी डोंगरात पाऊस पडतो, ओढे खाली उतरतात, चुनखडीला लागले की जमिनीत शिरतात. मध्येच वर येतात, पुन्हा गडप होतात, आणि शेवटी किन्वाराजवळ समुद्राच्या तळाशी निघतात. कूलची नदीही त्यातलीच. हिवाळ्यात खालच्या बोगद्यांना एवढं पाणी सोसत नाही, मग ते विवरांतून वर येतं आणि मैदान भरतं. उन्हाळ्यात त्याच विवरांतून उतरून जातं.

कोरड्या महिन्यांत काठावरच्या झाडांकडे नीट बघा. बुंध्यांवर एका उंचीपर्यंत काळं, कोरडं, केसाळ शेवाळ दिसेल, आणि त्या रेषेच्या वर हिरवं. काळं शेवाळ पाण्याखाली राहणारं, हिरवं हवेत राहणारं. दोघांमधली सीमा म्हणजे हिवाळ्यातल्या पाण्याची पातळी, आणि ती सगळ्या झाडांवर एका ओळीत जाते. नातवंडांना त्या रेषेखाली उभं करा आणि सांगा, डिसेंबरमध्ये तू इथे बुडाला असतास. माझी भाची त्यानंतर चालायला कंटाळली नाही.

हंस बघायचे असतील तर ऑक्टोबर ते मार्च. आइसलँडहून येणारे हूपर हंस असतात, चोच पिवळी-काळी. नारिंगी चोचीचे दिसले तर ते इथलेच बारमाही रहिवासी. येट्सने याच तळ्यावर एकोणसाठ हंस मोजून कविता केली, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी मोजायला बसतं. तुम्हीही मोजा, आकडा जुळणार नाही.

बाकीच्या इस्टेटींबद्दल थोडक्यात. डब्लिनच्या बाजूला कॅसलटाउन, १७२२ मध्ये सुरू झालेला अवाढव्य वाडा, लिफी नदीच्या काठाने सपाट वाट. तिथे बाजूची जमीन विकली गेली आणि २०२३ मध्ये मोटरवेकडून यायचा रस्ता बंद झाला. गावकरी महिनोन्‌महिने फाटकावर बसले. मघाशी मी म्हटलं ना, मालकाने परवानगी काढून घेतली की वाट बंद, तसं आजच्या काळातही घडतं. रॉसकॉमनमध्ये स्ट्रोक्सटाउन. तिथे दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि तिथून डब्लिनपर्यंत १६५ किलोमीटरची वाट निघते. १८४७ मध्ये याच इस्टेटीवरून बाहेर काढलेली १,४९० माणसं त्या मार्गाने पायी गेली. पूर्ण कोणी चालावं असं मी म्हणत नाही, पण कालव्याकाठचे तिचे तुकडे अगदी सपाट आहेत. किलार्नीचं मक्रॉस तर तुम्ही सगळ्यांनी बघितलेलंच आहे.

रॉसकॉमनमधल्याच लॉक की या इस्टेटीबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. तिथला रॉकिंगहॅम वाडा १९५७ मध्ये आगीत गेला, पण जमिनीखालचे बोगदे शाबूत आहेत आणि त्यांतून आज कोणीही चालू शकतं. हे बोगदे नोकरांसाठी होते. जळण, सामान, सगळं जमिनीखालून न्यायचं, म्हणजे वरच्या खिडकीतून तळं बघताना मालकाला राबणारा माणूस दिसणार नाही. मघाचा खडी फोडणाऱ्यांचा प्रश्न इथे येतो. इस्टेटीच्या कित्येक भिंती आणि रस्ते दुष्काळाच्या वर्षांत रोजगाराच्या नावाखाली उपाशी माणसांकडून करून घेतलेले आहेत. वर गुळगुळीत रस्ता, खाली बोगदा. दोन्ही एकाच आराखड्यातले. आज आपण दोन्हींतून चालतो, आणि आपल्याला कोणी लपायला सांगत नाही.

आता तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेते.

व्हीलचेअर चालेल का? कूलमध्ये बागेपर्यंत आणि वाड्याच्या जागेपर्यंत ढकलणारा माणूस दमदार असेल तर चालेल. मोठ्या वाटेवर नको.

डबा नेला तर? जरूर न्या. बाहेर लाकडी बाकं आहेत. कचरा परत आणा, पेट्या शोधत बसू नका. कुत्रा असेल तर दोरीला बांधलेला.

गोचीड असतात का? असतात, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत विशेष. उंच गवतात आणि नेच्यात शिरू नका, पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे आणि कानामागचे भाग तपासा. चावलेल्या जागी गोल लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे लगेच जा, लाइमच्या आजाराची ती खूण असते.

वादळानंतर जावं का? नाही. जानेवारी २०२५ मध्ये एओविन वादळात गॉलवेच्या किनाऱ्यावरच्या मेस हेडला ताशी १८४ किलोमीटरचा वाऱ्याचा झोत मोजला गेला. पश्चिमेच्या जंगलांत तेव्हा पडझड किती झाली ते तुम्ही बघितलं आहे. अर्धवट मोडलेली फांदी आठवड्यानेही खाली येते. खात्याने वाट उघडल्याशिवाय पट्टी ओलांडू नका.

शेवटची चिठ्ठी, हिवाळ्यात आई-बाबा आले तर? आणा की. साडेचारला अंधार पडतो, म्हणून अकराला वाटेवर असा. गमबूट गाडीत ठेवा. आणि तळ्याच्या बाजूला वाट पाण्यात शिरताना दिसली, तर पुढे उथळ असेल असं समजून पाय घालू नका. ते पाणी खालून येतं, कालच्या पेक्षा आज जास्त असू शकतं, आणि तळ दिसत नाही. तिथूनच मागे फिरा, तबेल्याच्या बाजूने धाकटी वाट धरा. ती उंचावर आहे.